बाहेरच्या खेळाडूची एक जागा

दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यातून निघालेल्या नसतात आणि कोल्हापुरात माणसं वेगळंच बोलायला लागतात. "त्यो कुणीकडं जाणार?" "ह्यो ऱ्हातोय का जातोय?" "त्या पोराला म्हणं कालपास्नं कुणी बघितलाच न्हाई." बाहेरगावच्या माणसाला वाटावं, कुठंतरी सोयरीक जुळवणं चाललंय. चाललेली असते फुटबॉलची नोंदणी. मोसम सुरू होण्याआधीच्या आठवड्यात वरच्या गटातल्या प्रत्येक तालमीच्या संघाला आपले खेळाडू संघटनेच्या ऑफिसात समक्ष नेऊन, त्यांच्या सह्या घेऊन नावं नोंदवावी लागतात. तेवढ्या आठवड्यापुरतं सगळं गाव एकमेकांच्या पोरांचे गुडघे, घोटे आणि इमान तपासत असतं. आता टीव्हीवर खेळाडूंचे लिलाव दाखवतात, लोकांना त्याचं अप्रूप वाटतं. आम्हाला वाटत नाही.

यंदाही तो आठवडा आला आहे. सकाळी कामावर जाताना बावड्याकडून गुऱ्हाळाचा गोड, किंचित जळका वास येतो. पेठेच्या तोंडाशी पाच-सहा जण उभे असतात, हातात चहाचे ग्लास, आणि त्यातला एक जण पायानं हवेतच चेंडू मारून दाखवत असतो. मी सायकलवर असायचो तेव्हा थांबायचो. आता स्कूटर आहे. थांबत नाही.

मी गारगोटीच्या शाळेतून शिकून कोल्हापुरात आलो तेव्हा माझ्याकडं एक ट्रंक आणि बी.कॉम.चा प्रवेश एवढंच होतं. वडील गवंडी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. पण छापील कागद आमच्याकडं कधी फेकला जात नसे. बाजारातून आणलेल्या भेळेचा कागदसुद्धा वडील हातानं सरळ करून माझ्यापुढं धरायचे. "बघ, काय लिवलंय." मी वाचायचो आणि ते मान डोलवायचे. छापलेलं खोटं असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छापलेलं जुनं होतं, हे तर नाहीच.

राहायला जागा दिली तालमीनं. पेठेतल्या त्या तालमीच्या माळ्यावर एक खोली होती. खाली हौद्यातली लाल माती, तेलाचा आणि घामाचा वास, कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या व्यायामाच्या जड लाकडी करेली. खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली ती नानांनी. नाना आमच्या संघाचे जुने गोलकीपर. उजव्या हाताची दोन बोटं चेंडू अडवताना मोडली आणि वाकडीच जुळली. तालमीसमोर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. "ऱ्हावा हितं. काय द्यायचं न्हाई. शिकायचं, एवढंच," ते म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी पदवीधर झालो. हे मी कुठंही, कुणापुढंही सांगतो.

उपकार फेडायचे तर माझ्याकडं एकच गोष्ट होती, अक्षर. तालमीचे अर्ज, मैदान मागायची पत्रं, फळ्यावरच्या सूचना सगळं मी लिहायचो. नाना मला वकील म्हणायला लागले. मग सगळी पेठच म्हणायला लागली. "काय वकील, आज कुणाला फाशी?" असं चहावालासुद्धा विचारायचा. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

ज्या मोसमाबद्दल लिहायचं आहे तो माझ्या शेवटच्या वर्षातला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी आमच्या संघात बाहेरच्या खेळाडूची एकच जागा शिल्लक होती. पेठेतली पोरं पेठेतूनच खेळायची, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. वाद त्या एका जागेचा. आणि तिच्यासाठी नावं तीन होती. मिरजेचा एक उंच पोरगा, डोक्यानं गोल करणारा. बेळगावचा एक गोलकीपर. आणि तिसरा बसवराज, सगळे त्याला बसू म्हणायचे. निपाणीच्या अलीकडच्या एका खेड्यातला लिंगायताचा पोरगा, डाव्या पायाचा. वडील नव्हते. आई तंबाखूच्या वखारीत जायची, तिला तो अव्वा म्हणायचा. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा तो शाहूपुरीत मामाच्या गुळाच्या दुकानात आला होता.

तीन आठवडे तालमीच्या पायरीवर ह्या तिघांची चिरफाड चालली. पायरी दगडी, दुपारपर्यंत तापायची. तिच्यावर पोतं टाकून माणसं बसायची.

"उंची शिकवता येत न्हाय," नाना म्हणायचे. "बाकी सगळं शिकवता येतंय. मिरजंचाच घ्या."

"उंच हाय म्हणून काय तारंवरचं पतंग काढायला ठेवायचाय?" हे संभामामा. संभामामा तालमीचे सेक्रेटरी. घरी म्हशी, आवाज असा की धार काढताना बोलले तर म्हैस दूध चोरायची. "पळताना बघितलाय का त्याला? शिडी न्यायला लागल्यागत पळतोय."

"मग बेळगावचा घ्या."

"बाहेरचा गोलकीपर? म्हंजे घराची किल्ली पावण्याच्या हातात!"

"आरं, पावणं तरी सांभाळतंय किल्ली. गेल्या साली घरच्यानं सेमीफायनलला दारच उघडं टाकलं हुतं."

ह्यावर सगळे हसले. गेल्या वर्षीचा गोलकीपर तिथंच बसला होता, तोही हसला. फक्त थोडा उशिरा.

बसूचं नाव कुणी जोरानं घेत नव्हतं. ते मी घेतलं. मी त्याला कागलच्या मैदानावर उन्हाळ्यातल्या सामन्यांत पाहिलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एसटीनं जाऊन. कडेनं चेंडू घेऊन पळताना तो मधेच एका क्षणासाठी थांबायचा. पुढचा बचावपटूही थांबायचा, सवयीनं, जसा समोरचा बोलता बोलता थांबला की आपण थांबतो. आणि तेवढ्यात बसू निघून गेलेला असायचा. माझ्या वहीत मी ते सगळं लिहून ठेवलं होतं. कुठल्या सामन्यात किती वेळा, कुणाविरुद्ध, चेंडू पुढं कुणाला मिळाला. एका संध्याकाळी मी वही उघडून उभा राहिलो आणि बोललो. आयुष्यात पहिल्यांदा पंधरा-वीस मोठी माणसं मी बोलत असताना गप्प बसली. चहावाला ग्लास हातात घेऊन उभा राहिला. मी संपवल्यावर संभामामा म्हणाले, "आयला, वकिलानं केस जिंकली." नानांनी आपली वाकडी बोटं गुडघ्यावर आपटली. ठरलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदानं. मला वाटलं होतं, मी बसूचं भलं केलं. त्या पायरीवर तीन आठवडे आम्ही त्याच्या पायाबद्दल, वजनाबद्दल, स्वभावाबद्दल बोललो. त्याला काय पाहिजे हे विचारायला कुणीही शाहूपुरीपर्यंत गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ते कळलं पन्हाळ्यावर. नोंदणीच्या आधी खेळाडू पळवण्याची आपल्याकडं रीत आहे. दुसऱ्या संघानं फोडू नये म्हणून पोरगा कुठंतरी नेऊन ठेवायचा, खाऊ-पिऊ घालायचं, आणि नोंदणीच्या दिवशी सकाळी थेट ऑफिसच्या दारात उतरवायचा. संभामामांच्या सासुरवाडीचं घर पन्हाळ्यावर होतं. बसू, नाना आणि मी तिथं तीन दिवस राहिलो. नाना पहाऱ्याला आणि मी सोबतीला. सकाळी धुकं इतकं असायचं की अंगणातली तुळस दिसायची नाही. ऊन पडलं की बसू तटाकडं जाऊन चेंडू खेळवायचा. चेंडू त्यानं जाळीच्या पिशवीत घालून दोरी मनगटाला बांधलेली असायची, कारण तटावरून गेला की तो थेट खालच्या गावात. दोरीला बांधलेल्या चेंडूवर त्याचा पाय चाललेला मी तासन्‌तास बघत बसायचो. तो माझ्याच वयाचा होता, एकवीस. पण मला अण्णा म्हणायचा आणि अहोजाहो करायचा, कारण मी कॉलेजात होतो.

पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एक कारखाना स्वतःचा फुटबॉल संघ काढणार होता. त्यांचा साहेब यंदाच्या मोसमात सामने बघायला येणार, आणि वरच्या गटात खेळणाऱ्यांतली पोरं उचलणार. नोकरी कायमची. अट एकच, वय बावीसच्या आत.

"फुडच्या साली मी बसत न्हाई त्यात," बसू म्हणाला. "ह्या सालीच काय ते. अव्वाला सांगितलंय, उन्हाळ्यापास्नं वखारीला जायाचं बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे ओसरीवर शेंगा फोडत होतो. बसू बराच वेळ नुसतीच टरफलं गोळा करत होता.

"अण्णा, एक इचारू?"

"विचार की."

"दसऱ्याच्या आधी आमच्या मामानं माझी सही घेतलीया. त्यांच्या गल्लीच्या टीमच्या फॉर्मवर. ती टीम लहान, खालच्या गटातली, औंदा उतरणार बी न्हाई म्हणत हुते. आता तुमच्या फॉर्मवर दुसरी सही केली तर चालतंय न्हवं?"

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी मात्र खूष झालो. हा प्रश्न माझ्यासाठीच होता. मी उठून पिशवीतून संघटनेच्या नियमांची पुस्तिका आणली. तालमीच्या कपाटात सापडलेली, कडा पिवळ्या झालेल्या, पण मी ती अथपासून इतिपर्यंत वाचलेली. पान काढून मी मोठ्यानं वाचलं. खेळाडूच्या सह्या दोन अर्जांवर आढळल्या तर नोंदणीच्या मुदतीतली नंतरची सही ग्राह्य धरली जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"बघ. नंतरची सही खरी. आपली नंतरची."

"वकील," नाना म्हणाले, "पुस्तक ऱ्हाऊ दे. उद्या सकाळच्या यष्टीनं खाली जा आणि हापिसात इचारून ये. तिथं बोर्डावर काय काय चिकटवत्यात."

"नाना, छापलंय हे."

"छापलंय खरं. पण इचारायला काय जातंय?"

"मग नियम छापतात कशाला?"

नाना चौथी शिकलेले होते. ते माझ्या हातातल्या पुस्तिकेकडं बघत राहिले आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले. त्या वेळी मला वाटलं, त्यांना पटलं.

बसूनं पुस्तिका माझ्याकडून मागून घेतली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्यानं ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला जरा रागच आला. "तुमी सगळं वाचलायसा न्हवं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "सगळं." "मग झालं," तो म्हणाला, आणि पुस्तिका दोन्ही हातांनी परत दिली, देवळातला अंगारा द्यावा तशी.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो नाही. एसटी होती. पैसे होते. कामही काही नव्हतं. माझ्या वाचण्यावर शंका घेतलेली मला आवडली नव्हती, एवढंच कारण. त्यापेक्षा मोठं कारण सापडावं म्हणून मी पुष्कळ वर्षं शोधलं आहे.

नोंदणीच्या दिवशी हलगी होती, गुलाल होता. बसूच्या अंगात आमच्या संघाची जर्सी, नवी, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. अर्ज मी भरला होता. त्यानं सही केली, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. दुपारी सगळ्या संघांच्या याद्या एकमेकींशी ताडून बघतात. आम्ही बाहेर जिन्यावर बसलो होतो. तिथले एक वयस्कर कारकून दाराशी आले आणि त्यांनी बसूचं नाव पुकारलं. पुढचा शब्द होता "दुबार."

मामाच्या गल्लीच्या टीमनं शेवटी अर्ज भरला होता, बसूच्या सहीसकट. आणि नियम त्याच वर्षी बदलला होता. दोन अर्जांवर सही दिसली की खेळाडू पूर्ण मोसम बाहेर, कुठल्याच संघाकडून नाही. तशी सूचना महिनाभर ऑफिसच्या बोर्डावर लावलेली होती. अजूनही होती. मी ती तेव्हा वाचली. टंकलिखित, चार ओळींची, चार टाचण्या लावलेली.

कारकून माणूस चांगला होता. त्यांना वाईट वाटत होतं. "अरे लेकरा, एवढं लावलंय की बोर्डावर. चालतंय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

मी बसूच्या शेजारीच उभा होतो. पुस्तिका माझ्या शर्टाच्या खिशात होती. बसूनं माझ्याकडं बघितलं नाही.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "माझ्याच ध्येनात आलं न्हाई."

मला बोलता आलं असतं. बोलून नियम बदलला नसता हे खरं, पण ती चूक तरी ज्याची त्याच्या नावावर गेली असती. माझ्या डोळ्यांसमोर माळ्यावरची खोली आली, मार्चमधली परीक्षा आली, गारगोटीला कुणाच्या तरी भिंतीवर चढलेले वडील आले. मी गप्प बसलो. नानांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यानंतर ते बारा वर्षं जगले आणि ह्या विषयावर मला एक शब्दही बोलले नाहीत. मला वकील म्हणणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. नावानं हाक मारायला लागले.

मुदत संपायला अडीच तास होते. संभामामा जिन्यावरच ओरडले, "आता रडत बसू नगा. मिरजंला फोन लावा!" आणि तिथंच, त्याच जिन्यावर, मिरजेचा की बेळगावचा हा वाद पुन्हा पेटला. तोच पतंगाचा विनोद कुणीतरी केला आणि दोघं-तिघं हसले. बसू कठड्याला टेकून ऐकत होता. त्याच्याच जागेबद्दल चाललं होतं. जीप गेली, मिरजेचा पोरगा आला, वाकून दारातून आत गेला, सही करून बाहेर आला. हलगी पुन्हा वाजली. बसूनं जर्सी काढून नीट घडी केली आणि संभामामांच्या हातात दिली.

त्या मोसमात मिरजेच्या पोरानं चांगले गोल केले. पहिल्या गोलला मी उडी मारून ओरडलो. तोंडातून आवाज निघून गेला तेव्हा आठवलं, आणि वळून बघितलं. बसू वरच्या पायऱ्यांवर बसला होता. दुकानातून सुट्टी घेऊन तो प्रत्येक सामन्याला यायचा. खाली खुर्च्यांवर कारखान्याचा साहेब पांढरी टोपी घालून बसलेला असायचा. त्या वर्षी साहेबानं पाच पोरं घेतली.

मी पास झालो. पेढे आधी तालमीत वाटले, मग गारगोटीला. संभामामांनी ओळख काढून मला एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटवलं. अजून तिथंच आहे. माझी मुलं शिकतात. ज्यांनी मला उभं केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही हात जोडण्यापलीकडं काही नाही. त्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी शिकलेल्या माणसावर विश्वास टाकला होता. माझ्या खिडकीशी रोज खेड्यापाड्यांतली पोरं येतात. "सर, ह्ये चालंल का?" म्हणून विचारतात, आणि मी काय म्हणतो ते ऐकायला डोळे लावून थांबतात. मी म्हणतो, बाहेर बोर्ड बघ, मग ये. कधीकधी बोर्डावर काहीच नसतं. तरी मी त्यांना पाठवतो.

मधल्या वर्षांत मी शाहूपुरीतून जायचं टाळत आलो. गेल्या आठवड्यात घरी गूळ लागला आणि पाय आपोआप वळले, की मीच वळवले, सांगता येत नाही. बसू गादीवर होता. अंगानं भरलेला, डोळ्यांवर चष्मा. दुकान अजून मामाच्या मुलांचं. अव्वा सात-आठ वर्षं आणखी वखारीला गेली, मग खोकल्यानं घरी बसली, आणि गेली. हे त्यानं गुळाची ढेप फोडता फोडता सांगितलं, ऊस यंदा कसा आहे ते सांगावं तसं. मग चहा मागवला आणि चेहरा एकदम उजळून विचारलं,

"अण्णा, औंदा कुणाला घेताय बाहेरचा?"

मी म्हणालो, मी आता त्यात नसतो. तो ऐकायला तयार नव्हता. त्याला सगळ्या संघांची सगळी पोरं माहीत होती. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला पन्हाळ्याला नेऊन ठेवलंय, कोण गोव्याहून येतोय. अर्धा तास आम्ही वाद घातला. मी एका बचावपटूची बाजू घेतली, तर म्हणाला, "त्यो? त्यो तर दारात बांधलेल्या म्हशीगत फिरतोय!" मी हसलो. दोघंही हसलो. त्या हसण्यात मला धीर आला, आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"बसू, त्या वेळी मी एकदा ऑफिसात जाऊन बोर्ड बघितला असता तर…"

तो गुळाचा भुगा तळहातानं एकत्र करत होता. हात थांबला नाही.

"मी गेलतो की."

"कुठं?"

"हापिसात. पन्हाळ्याला जायच्या आदल्या दिशी. वाचला हुता बोर्ड. दोन सह्या केल्या तर सालभर बाहेर. समदं लिवलं हुतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"भ्या वाटत हुतं म्हणून इचारलं. तुमी पुस्तक काढलासा, वाचून दावलासा. म्हटलं, मी सातवी. तुमी कालेजातलं. माझंच वाचणं चुकलं आसंल."

ह्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. दुकानासमोर रिक्षा थांबली होती, तिच्यातून कुणीतरी भाव विचारत होतं. बसूनं उत्तर दिलं आणि माझा गूळ कागदात बांधायला घेतला.

"तू बरोबर वाचलं होतंस," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "कळलं की ते. त्याच दिशी."